डोळ्यांची साक्ष

‘प्रत्यक्ष डोळ्यांनीं पाहिलें’ असें कोणी म्हटलें कीं पुढें बोलणें खुंटतें. मुळशीच्या आमच्या घरीं एका श्रावणांत मींच तसें म्हटलें होतें, आणि त्याची लाज मला आजहि वाटते.

तिन्हीसांजेची वेळ होती. पाऊस मुसळधार कोसळत होता. परसांतून एक मनुष्य पितळी तपेलें घेऊन जातांना मीं ओसरीवरून पाहिला. इरल्यानें तोंड झांकलेलें होतें. तरी बांध्यावरून तो आमच्या गड्याचा मुलगाच, असें मीं छातीठोकपणें सांगितलें. मुलगा तापानें घरीं निजून होता, असें त्याची आई रडत सांगत होती. ‘आईच ती! दुसरें काय सांगणार?’ असें म्हणून आम्हीं तिला वाटेस लावलें. पंधरा दिवसांनीं पौडचा कल्हईवाला तपेलें घेऊन दारांत उभा राहिला. माझे चुलतबंधु पुण्यास परततांना तें त्याच्याकडे टाकून गेले होते, आणि घाईंत घरीं सांगावयाचें विसरले होते!

पुढें ऑस्कर स्लेटरची हकीकत वाचनांत आली. १९०८ च्या डिसेंबरांत ग्लासगो येथें एका वृद्ध बाईचा खून झाला. स्लेटरला साक्षीदारांनीं ओळखलें. परंतु त्यांपैकीं कांहींना त्याचें छायाचित्र आधींच दाखविण्यांत आलें होतें. त्या वेळीं तो घरीं जेवीत होता, हें घरांतील दोघी स्त्रियांचें सांगणें मात्र फुकट गेलें. १९०९ सालीं झालेली फांशीची शिक्षा जन्मठेपेवर आली. न्यायाधीशानें ज्यूरीस चुकीची दिशा दाखविली, या कारणास्तव १९२८ सालीं अपिलांत ती रद्द झाली. तोंवर अठरा वर्षांहून अधिक काळ तुरुंगांत गेला होता.

हें केवळ परदेशींच घडतें असें नाहीं. नाशिकच्या २००३ सालच्या हत्याकांडांत प्रत्यक्षदर्शी बाईनें पोलिसांजवळच्या छायाचित्रांतून प्रथम भलत्याच चौघांस ओळखलें होतें. तरी फांशीची शिक्षा दुसऱ्या सहा जणांस झाली. २०१९ सालीं सर्वोच्च न्यायालयानें त्या साऱ्यांस निर्दोष सोडलें.

‘मी अन्यत्र होतों’ असें म्हणणारानेंच तें शाबीत करावें, असा कायदा आहे. परंतु तें शाबीत न झाल्यानें गुन्हा शाबीत होत नाहीं. तो भार फिर्यादी पक्षावरच राहतो. तापानें निजलेल्या गरिबाजवळ आईवांचून साक्षीदार कोण असणार? आम्हीं तिचें नातें तपासलें; माझ्या दृष्टीआड आलेला पाऊस, अंधार आणि इरलें यांचा विचारहि केला नाहीं.

तपेलें परत आलें त्याच सायंकाळीं मी त्यांच्या झोंपडीवर गेलों होतों. त्या माउलीनें घोंगडी पसरली, पाणी दिलें आणि एवढेंच म्हणाली, ‘‘दादा, त्या दिशी येऊन पोराच्या कपाळाला हात लावला असता, तर कळलं असतं.’’