पाण्यातले देऊळ

वाईला ढोल्या गणपतीचे छायाचित्र काढणारे शिखराकडे पाहतात. मी कृष्णेत पाहतो. १७६२ साली रास्त्यांनी बांधलेले हे देऊळ. पुराची धार फोडायला मागे मत्स्याकार भिंत; पण साधी लहर आली, की पाण्यातले देऊळ दोरीवरच्या धोतरासारखे हलते! लाट एक अंश कलली, तर परतणारा किरण दोन अंश वळतो. गंमत म्हणजे, भिंग पाण्याच्या पृष्ठभागावर नव्हे, पार देवळाच्या अंतरावर जुळवावे लागते. मग हाती येतात नुसत्या उजळ, वाकड्या रेघा. मला त्याच आवडतात.

आईला आता घाट उतरवत नाही. तिला तोच फोटो दिला. तिने उलटसुलट फिरवला, चष्मा पुसला.

"ह्यात गणपती कुठं रे?"

मी बोट ठेवले.

"बरं. राहू दे उशाशी."