पन्हाळ्याचा वेढा

गेल्या पावसाळ्यांत आमच्या वर्गानें पन्हाळ्याच्या वेढ्याचा प्रवेश बसवावयाचें ठरविलें. बाजीप्रभूचें काम मागणारे अकरा जण निघाले. सिद्दी जौहरची दाढी लावावयासही तिघे तयार होते. शिवा काशिदाचें काम मात्र कोणासच नको होतें. पालखींत बसून यावयाचें, दोन वाक्यें बोलावयाचीं आणि मरावयाचें! अखेर चिठ्या टाकल्या, आणि ती चिठी नेमकी आमच्याच नांवाची निघाली. त्या रात्रीं आम्ही जेवलोंही नाहीं, हें कबूल करावयास आतां हरकत नाहीं.

पुढल्या शनिवारीं वडील आम्हांस पन्हाळ्यावर घेऊन गेले. गड कोल्हापुरापासून जेमतेम १२ मैल. पण त्या दिवशीं धुक्यामुळें दहा पावलांवरचा मनुष्यही दिसत नव्हता. आमच्या कल्पनेंतला वेढा म्हणजे रात्रंदिवस तोफांचा गडगडाट. अंबारखान्याच्या प्रचंड काळोख्या कोठारांत उभें राहून वडील म्हणाले, "बाळ, वेढा इथें लढला जातो." आंतलें धान्य किती दिवस पुरेल आणि बाहेरच्याची चिकाटी किती दिवस टिकेल, एवढाच तो हिशेब. डच मुलुखाच्या सीमेवरील ब्रेडा हें तटबंदीचें शहर स्पॅनिश सेनापति स्पिनोला यानें १६२४ सालीं वेढलें. तें जून १६२५ मध्यें त्याच्या हातीं आलें तें तट फोडून नव्हे, उपासमारीनें.

पन्हाळाही सीमेवरचाच. अफजलखानाच्या वधानंतर अठराव्या दिवशीं, २८ नोव्हेंबर १६५९ रोजीं, महाराजांनीं तो आदिलशाहीकडून घेतला. आणि मार्च १६६० मध्यें सिद्दी जौहरनें त्यास विळखा घातला. नेताजी पालकरास तो बाहेरून फोडतां आला नाहीं. राजापूरच्या वखारींतील इंग्रज रेव्हिंग्टन दारूगोळा व आपलें निशाण घेऊन सिद्दीच्या मदतीस आला. (व्यापाऱ्यास लढाईंत काय काम होतें, कोण जाणे! पुढल्याच वर्षीं महाराजांनीं राजापुरावर चालून जाऊन त्या इंग्रजांस कैद केलें.) पाऊस लागला म्हणजे वेढा ढिला पडेल, अशी गडावर आशा होती. पण आषाढ आला तरी सिद्दी हलला नाहीं. चिंब भिजून तटावर उभे असतां आम्हांस त्या माणसाचा प्रथमच धाक वाटला.

१२ जुलै १६६० च्या रात्रीं महाराज गडावरून निसटून विशाळगडाकडे निघाले. घोडखिंडींत बाजीप्रभूंनीं व बांदलांनीं काय केलें, तें आम्हां सर्वांस तोंडपाठ आहे. दुसरी पालखी मात्र सिद्दीच्या लोकांच्या हातीं लागावी म्हणूनच निघाली होती. तींत महाराजांचा पोशाख केलेला नेबापूरचा शिवा काशीद बसला होता, धंद्यानें न्हावी. खिंडींतल्या वीरांच्या हातीं तलवारी होत्या, शेजारीं भाऊबंद होते. ह्याच्या शेजारीं कोणी नव्हतें. शत्रूस संशय जितका उशिरां येईल तितके महाराज पुढें जाणार, हें जाणून त्यानें नुसतें स्वस्थ बसावयाचें. पुढें सप्टेंबरांत तहानें गड आदिलशहास द्यावा लागला, आणि १६७३ च्या मार्चमध्यें कोंडाजी फर्जंदानें साठ मावळ्यांनिशीं तो परत घेतला. परंतु परततांना शिवा काशिदाच्या समाधीपाशीं आम्ही थांबलों, तेव्हां आमच्या मनांत त्या पालखीवांचून दुसरें कांहीं नव्हतें.

प्रवेशाच्या दिवशीं आमची पालखी म्हणजे दोन बांबूंस बांधलेला बांक, वर आईची शाल. सिद्दी झालेल्या मित्रानें पडदा सारला, आमच्या तोंडाकडे पाहिलें, आणि "तूं कोण?" हा प्रश्नच तो विसरला. दिवाणखानाभर माणसें गप्प. पडद्याआडून गुरुजी त्यास शब्द सांगत होते, तो एका हातानें दाढी सांवरीत होता. आम्हांस त्या प्रश्नाची वाट पाहत तसेंच बसून राहावें लागलें. आणि तेवढ्या अवधींत आमचे गुडघे खरोखरच कांपूं लागले.