कुंभार्लीच्या उताराआधी पाटणचा मुक्काम

कराडहून चिपळूणला जाणारा रस्ता बराच वेळ कोयनेच्या सोबतीने जातो. महाबळेश्वरला उगम पावलेली ही नदी आधी दक्षिणेकडे वाहते, हेळवाकजवळ पूर्वेला वळते आणि कराडला कृष्णेला मिळते. मल्हारपेठ आणि पाटण मागे पडले की दोन्ही बाजूंचे डोंगर जवळ येऊ लागतात. हेळवाकच्या पुढे सह्याद्रीचा माथा आणि मग कुंभार्ली घाट. वळणे घेत गाडी पोफळीला उतरते, हवा दमट होते, नारळ-सुपारी दिसू लागते आणि कोकण आल्याचे कुणी सांगावे लागत नाही.

आमच्या नात्यात सासर कराडकडे आणि माहेर चिपळूणकडे अशी घरे बरीच आहेत. गेल्या मे महिन्यात भाचीच्या निकाहसाठी आम्ही याच वाटेने निघालो. निकाह असरनंतर होता. गाडीत अम्मी, दोन मुले आणि डिकीत मामाकडून नवरीला द्यायचा जोडा.

पाटणच्या बाजारात ऊस भरलेली ट्रॉली आडवी आली म्हणून गाडी थांबवली. ब्रेकवर पाय तसाच ठेवलेला होता आणि पायाखालचे पेडल हळूहळू खाली जाऊ लागले. पाय उचलून पुन्हा दाबले तर नीट वर लागले. जोरात दाबले तर ब्रेक चांगला, हलका दाब धरून ठेवला तर पेडल बसते. बॉनेट उघडून पाहिले, तर डबीतले ब्रेक ऑइल खुणेपर्यंत भरलेले.

स्टँडच्या पुढे एक छोटे गॅरेज होते. तिथल्या वयस्क मिस्त्रींनी आधी चारही चाके आतल्या बाजूने पाहिली. सगळी कोरडी. रबरी होज फुगलेले नव्हते. मग इंजिन बंद करून पेडल चार-पाच वेळा दाबले, पाय तसाच ठेवून इंजिन सुरू केले. पेडल थोडे खाली जाऊन थांबले. म्हणजे बूस्टर ठीक. त्यानंतर त्यांनी हलका दाब धरला आणि पेडल पुन्हा सावकाश खाली गेले. "ऑइल बाहेर कुठं जात नाही, आतल्या आत मागं सरकतंय. मास्टर सिलिंडर गेला," ते म्हणाले.

पायाचा दाब चाकांपर्यंत नेणारा हा पंप. त्याच्या आत पिस्टनवर रबरी कप असतात. कप झिजले की दाबलेले ऑइल पुढे जाण्याऐवजी कपाच्या कडेने मागे येते. हल्लीच्या गाड्यांत सिलिंडरचे दोन कप्पे असतात. एक निकामी झाला तरी दुसरा दोन चाके धरतो. आम्ही हेच विचारले, की सावकाश गेलो तर चालेल का? मिस्त्री म्हणाले, "दादा, सपाटीला एकवेळ चाललं असतं. घाट उतरायचा असंल तर ही गाडी मी सोडणार नाही." मग अम्मींकडे वळून म्हणाले, "काकी, तुम्ही पोरांना घेऊन एसटीनं पुढं व्हा."

अम्मी काही बोलल्या नाहीत. डिकीतला जोडा काढून मांडीवर घेतला आणि चिपळूणच्या एसटीत बसल्या. लग्नघरी फोन करून सांगितले, आमची वाट पाहू नका.

नवा सिलिंडर कराडहून एसटीनेच आला. तोवर मिस्त्रींनी सिरिंजने डबीतले ऑइल काढून नळ्यांचे नट सोडवले होते. नट गोल होऊ नयेत म्हणून त्यासाठी वेगळा पाना असतो. बूस्टरवरचे दोन नट काढून जुना सिलिंडर बाहेर आला. आत गंजाचे बारीक खड्डे होते. नुसते रबराचे किट टाकून भागणार नव्हते. ब्रेक ऑइल हवेतले पाणी शोषते, त्यातूनच असा गंज येतो. शिवाय पाणी शोषलेले ऑइल लवकर उकळते. डॉट ३ प्रकारच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. पाणी मुरल्यावर तो १४० पर्यंत उतरू शकतो. घाटात सतत ब्रेक दाबून चाके तापली की ऑइलची वाफ होते, आणि वाफ दाबली जाते, ब्रेक लागत नाही.

नवा सिलिंडर शिकंजात धरून, तोंडाच्या नळ्या परत डबीत सोडून, पिस्टन हळूहळू दाबत त्यातली हवा काढली. बुडबुडे थांबल्यावरच तो गाडीला बसवला. मग चाकांची एअर काढायची. आम्ही पेडल दाबून धरायचे, मिस्त्रींनी चाकाचा नट सोडून पुन्हा आवळायचा, आणि त्यांनी "सोडा" म्हटल्यावरच पाय उचलायचा. मागच्या डाव्या चाकापासून सुरुवात केली. सांडलेले ऑइल त्यांनी लगेच पाण्याने धुतले, नाहीतर रंग जातो. शेवटी पेडल पाच मिनिटे दाबून धरायला लावले. ते जागचे हलले नाही.

निघेपर्यंत असरची वेळ होत आली होती. हेळवाकजवळ कोयना प्रकल्पाचे फलक दिसले. वर अडवलेले हे पाणी डोंगराच्या पोटातून पोफळीच्या भूमिगत वीजघरात पडते आणि पुढे वाशिष्ठीला मिळते. कृष्णेकडे निघालेल्या नदीचे पाणी असे कोकणात उतरते. आम्हीही त्याच डोंगरावरून उतरलो, दुसऱ्या गिअरमध्ये, इंजिनच्या जोरावर गाडी आवरत, ब्रेक थोडा लावत आणि सोडत. एका वळणावर खाली गेलेल्या गाडीने तोडलेला कठडा दिसला. गाडीत कुणी बोलले नाही.

मगरिबच्या सुमारास लग्नघरी पोहोचलो. निकाह होऊन गेला होता. भाचीच्या अंगावर मामाकडचा जोडा होता आणि अम्मींनी आमच्यासाठी दोन ताटे झाकून ठेवली होती.

घाटाच्या वाटेला निघण्याआधी गाडी सपाटीवर उभी करा, इंजिन सुरू ठेवा आणि पेडल हलकेच दाबून मिनिटभर धरून ठेवा. ते खाली जाऊ लागले, तर घाट दुसऱ्या दिवशी उतरा.