नवव्या नळीतलं शून्य



खालच्या चार एकरात पाईप ड्रेनेज करायचंय. कृष्णाकाठची काळी जमीन, तीस वर्षं ऊस अन् पाटपाणी. आता पूर्वेच्या कोपऱ्यात पांढरं मीठ फुटतंय. ठेकेदार म्हणाला, चुना टाकून लाईन आखून ठेवा, सोमवारी मशीन आणतो. म्हटलं, आधी पाणी कुठं किती वर आलंय ते बघू.

ऑगरनं पाच-पाच फुटांची १४ भोकं पाडली, त्यात भोकं पाडलेल्या नळ्या बसवल्या. एक दिवस जाऊ दिला आणि जमिनीपासून पाणी किती खोल आहे ते टेपनं मोजून वहीत लिहिलं. जागा मोबाईलच्या जीपीएसवर घेतल्या.

पण १४ ठिकाणं सोडून मधल्या रानाचं काय? त्यासाठी थोरल्या पोरीनं कॉम्प्युटरवर क्यूजीआयएस टाकून दिलंय. फुकट आहे. त्यात आयडीडब्ल्यू म्हणून प्रकार आहे. मधल्या जागेचा आकडा काढताना तो जवळच्या नळीला जास्त वजन देतो, लांबच्या नळीला कमी.

पहिल्याच दिवशी खोलीचा कॉलम यादीत दिसेना. मी आकडे मराठीत टाईप केलेले, ते त्याला अक्षरं वाटली. ते इंग्रजीत केले, तर नकाशा म्हणून एकाच रंगाचा चौकोन आला. पोरगी फोनवर हसायला लागली. "आबा, पिक्सेल ०.१ च ठेवलाय ना? तुमचा थर अंशात आहे. ०.१ अंश म्हणजे अकरा किलोमीटर. अख्खं गाव एका ठिपक्यात बसलं!" मग थर ३२६४३ मध्ये, म्हणजे मीटरमध्ये, नव्यानं सेव्ह केला आणि पिक्सेल १ केला. चार एकराचे सोळा हजार ठिपके झाले.

आता नकाशा झकास दिसत होता. पाणी वर तिथं निळा, खोल तिथं पिवळा. पूर्वेचा कोपरा निळा, ते अपेक्षितच होतं. पण विहिरीजवळ गडद निळा गोल, कपाळावरच्या टिळ्यासारखा. म्हणजे तिथं पाणी पार जमिनीला टेकलेलं! मी लाईन तिकडं वळवायची ठरवली. दोनशे फूट पाईप वाढत होता. चुन्याचं पोतं उचललं, तेवढ्यात मालकीण म्हणाली, "विहिरीजवळ पाणी? मी तिथं रोज गवत कापते, चप्पलला चिखल लागत नाही."

खरंच होतं की. विहीर रोज उपसतो, ऊसही तिथलाच उंच. मग पोरीचं आठवलं. एकाच नळीभोवती असा गोल टिळा दिसला की सगळ्यात आधी त्या नळीचा आकडा बघायचा. वही काढली. नळी ९, खोली ०.

त्या नळीत पाच फुटांपर्यंत पाणीच लागलं नव्हतं, म्हणून मी शून्य लिहिलं. माझ्या लेखी शून्य म्हणजे पाणी नाही. कॉम्प्युटरच्या लेखी शून्य खोलीवर पाणी, म्हणजे रानावर डबकं. सगळ्यात कोरडी जागा त्यानं सगळ्यात ओली दाखवली, आणि चूक त्याची नव्हती.

ती ओळच खोडून टाकली, तर त्या जागी शेजारच्या नळ्यांवरून साडेतीन फूट आले. तेही खोटंच. दिलेल्या सगळ्यात मोठ्या आकड्याच्या पुढं आयडीडब्ल्यू जात नाही. शेवटी ऑगरला जादा रॉड लावून पुन्हा खोदलं. सात फूट चार इंचाला पाणी लागलं.

वही उघडीच होती, तर अजून एक घोळ सापडला. चार फूट दहा इंच मी ४.१० असं लिहिलेलं, आणि चार फूट एक इंच ४.१. कॉम्प्युटरला दोन्ही एकच! आता सगळं सेंटिमीटरमध्ये केलंय, एक १४७, दुसरं १२४. वहीत नळी कोरडी असेल तर "कोरडी" असंच लिहितो.

नवीन नकाशात विहिरीजवळ पिवळा आलाय. निळा पूर्वेच्या कोपऱ्यात, आणि जुन्या पाटाच्या कडेनं एक पट्टा. मात्र त्या पट्ट्यात चाळीस मीटर एकही नळी नाही, तिथला रंग निव्वळ अंदाजाचा. उद्या सकाळी तिथं दोन नळ्या टाकतोय. पाईपचा उतार लेव्हल लावून वेगळाच काढायचाय, तो या नकाशात नाही.

ठेकेदाराला गुरुवारी ये म्हटलंय. चुन्याचं पोतं अजून शेडमध्येच आहे.