बाराखडी अंगठ्याखाली

पवईच्या आयआयटीत १९६९ साली आयडीसी सुरू झालं. वस्तूंचं डिझाइन शिकवणारी ही संस्था. माणूस आणि संगणक यांच्यातला व्यवहार हाही तिथल्या अभ्यासाचा विषय आहे. प्रा. अनिरुद्ध जोशी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी त्यातला एक प्रश्न वर्षानुवर्षं धरून ठेवला : मराठी-हिंदी वाचता-लिहिता येणाऱ्या माणसाला त्याच भाषेत टाइप करणं इतकं जड का जातं? २००४ मध्ये त्यांनी 'कीलेख' नावाचा कळफलक मांडला, २०१३ मध्ये अँड्रॉइड फोनसाठी 'स्वरचक्र' आणलं. मधल्या वर्षांत स्मार्टफोन आले, पडद्यावरची बटणं आली, आणि प्रश्न तोच राहिला.

*

स्वरचक्रात व्यंजनं वर्णमालेच्या क्रमाने मांडलेली आहेत. क नंतर ख, ख नंतर ग. पहिलीत पाठ केलेला क्रम, त्यामुळे अक्षर शोधावं लागत नाही. 'क'वर बोट ठेवलं की भोवती चाक उमलतं : का, कि, की, कु, कू, के. हव्या त्या दिशेला बोट सरकवून उचललं की काम झालं. त्याच चाकात पाय मोडलेला 'क्'ही असतो. तो निवडला की कळफलकावरची सगळी बटणं बदलतात आणि पुढे कोणतं जोडाक्षर होणार ते आधीच दाखवतात.

मला हे शेवटचं फार मोलाचं वाटतं. 'ष्ट' की 'ष्ठ' अशी शंका ज्याला येते त्याला दोन्ही रूपं समोर दिसतात. डोळ्याने पाहून निवडायचं, नियम आठवत बसायचं नाही.

*

चाकाची कल्पना संगणकशास्त्रात जुनी. १९८८ मध्ये मेरीलँड विद्यापीठात कॅलाहन, हॉपकिन्स, वायझर आणि श्नाइडरमन यांनी गोल मेन्यू आणि उभी यादी यांची तुलना केली. आठ पर्यायांपैकी एक निवडायचा. गोल मेन्यूवर लोक लवकर पोचले. कारण त्याही आधीचं, १९५४ मधलं. ओहायोतले मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांनी दाखवलं होतं की हात किती वेळात पोचेल हे लक्ष्य किती लांब आणि किती मोठं यावर ठरतं. उभ्या यादीत आठवा पर्याय लांब असतो. चाकात सगळेच सारख्या अंतरावर, फरक फक्त दिशेचा. आणि दिशा हाताच्या लक्षात राहते. पुष्कळ सराव झाल्यावर चाकाकडे न बघताही 'वेलांटी इकडे' हे बोटाला कळतं.

आपली लिपी या कल्पनेला किती जवळची! एक व्यंजन मध्ये, मात्रा भोवती. बाराखडीची रचना मुळात हीच.

*

इन्स्क्रिप्टबद्दल न्यायाने बोललं पाहिजे. १९८६ मध्ये केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने आणलेला हा कळफलक अतिशय विचारपूर्वक बांधलेला आहे. मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या, महाप्राण शिफ्टमध्ये. क आणि ख एकाच बटणावर. मराठीत शिकलेल्याला बोटांच्या त्याच जागांवर कन्नड किंवा बंगालीही मिळतं.

'स्त्री' लिहायचं तर इंग्रजी बटणं अशी : एम, डी, एल, डी, जे, आर. सहा ठोके. डी म्हणजे पाय मोडायचं बटण. रोज लिहिणाऱ्याचा हात हे गाण्यासारखं वाजवतो. पण त्यासाठी आधी बसून शिकावं लागतं. फोन घेणारा माणूस क्लासला जात नाही. दुकानातून बाहेर पडतानाच त्याला कुणाला तरी 'निघालो' म्हणून कळवायचं असतं.

*

टायपिंगचा वेग मोजतात मिनिटाला किती शब्द यावर, आणि इंग्रजीत शब्द म्हणजे ठरवून पाच अक्षरं, मोकळी जागा धरून. हे माप मराठीला लावलं तर काय होतं? 'स्त्री' हे डोळ्याला एक अक्षर. युनिकोडमध्ये ती सहा चिन्हं : स, हलन्त, त, हलन्त, र, वेलांटी. म्हणजे एका अक्षराचा एकाहून जास्त शब्द! लिपिक-टंकलेखकाच्या जाहिरातीत मराठीसाठी मिनिटाला ३० शब्द आणि इंग्रजीसाठी ४० असं छापतात. या दोन आकड्यांची तुलना करण्याआधी कशाला एक म्हणायचं ते ठरवलं पाहिजे.

टोरांटोच्या यॉर्क विद्यापीठातले मॅकेन्झी आणि सूकोरेफ यांनी २००३ मध्ये अशा चाचण्यांसाठी ५०० इंग्रजी वाक्यखंडांचा संच दिला. सगळ्यांनी तीच वाक्यं टाइप करायला लावली की निष्कर्ष ताडून बघता येतात. मराठीत तो भाषांतर करून चालणार नाही. वाक्यं वाचताक्षणी लक्षात राहणारी हवीत आणि त्यांत रफार, ळ, अनुस्वार, जोडाक्षरं आपल्या रोजच्या बोलण्यात येतात त्या प्रमाणात हवीत.

*

ऱ्य. 'दर्या' म्हणजे समुद्र, 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या. आचार्यांना नमस्कार करायचा आणि आचाऱ्यांना जेवणाचं विचारायचं. हिंदीला हा भेद लागत नाही, म्हणून हिंदी समोर ठेवून केलेल्या कळफलकात 'ऱ' कुठेतरी आत दडलेला असतो, आणि लोक नाइलाजाने रफारावर भागवतात. ॲ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. 'बँक' आणि 'ॲप' रोज म्हणणाऱ्या भाषेसाठी हे उशिरा झालं, आणि आजही पुष्कळ ठिकाणी 'अॅ' असं जोडून काम चालतं.

*

माणूस आणि संगणक यांच्या व्यवहाराच्या अभ्यासातली सगळ्यात मोठी पद्धत म्हणजे शेजारी बसणं. प्रयोगशाळेत बोलावण्याआधी माणसाच्या दुकानात, घरात, कचेरीत जायचं, तो काम करतोय ते बघायचं, आणि आपण शिकाऊ आहोत असं समजून विचारायचं : 'दादा, हे असं का केलंत?' बायर आणि होल्ट्झब्लाट यांनी १९९८ च्या पुस्तकात ही पद्धत नीट बांधून दिली. पुस्तकापेक्षा ती अंगी बाणवणं अवघड. अडलेला माणूस समोर दिसत असताना हात पुढे करून बटण दाबून द्यायचं नाही, कारण तो जिथे अडला तिथेच डिझाइनची चूक आहे आणि तीच बघायला आपण आलोय.

आयडीसीतलाच 'रांगोळी' हा २००८ चा प्रयोग अशाच बघण्यातून उभा राहिला असणार. फारसं वाचता न येणाऱ्यांसाठी फोनमधली नावांची वही. नाव वाचायचं नाही, रंग, चित्र आणि जागा यांवरून माणूस ओळखायचा.

*

'आमच्या आईला नाही जमत मोबाइल.' हे वाक्य मला सहन होत नाही. जी बाई आयुष्यभर घरचा हिशेब, सणवार, औषधं, शेतावरची माणसं सांभाळत आली, तिला सहा बटणं जमत नाहीत? बटणं चुकली आहेत. मराठी माणूस रोमनमध्ये 'mi yeto'सारखं लिहितो त्यालाही भाषाप्रेम कमी पडलं म्हणून दोष देतात. इंग्रजी कळफलक फोन उघडताच समोर येतो, मराठी चार पायऱ्या आत असतो. आधी त्या चार पायऱ्या काढा.

*

'आता बोलून लिहिता येतं, मग कळफलक कशाला?' बोलून लिहिणं हे वरदानच आहे, विशेषतः डोळे किंवा बोटं साथ देत नाहीत त्यांना. पण लोकलच्या डब्यात पगार, आजार, भांडण मोठ्याने कसं सांगणार? एकत्र कुटुंबातल्या सुनेने माहेरी काय कळवायचं ते घरभर ऐकवायचं का? हाताने लिहिता येणं म्हणजे गुपचूप लिहिता येणं.

*

कुणी विद्यार्थी विषय शोधत असेल तर हा घ्यावा : खोडणं. 'स्त्री'च्या शेवटी बॅकस्पेस दाबला की बहुतेक ठिकाणी आधी वेलांटी जाते. मग 'स्त्र'मधला र जातो आणि 'स्त्' उरतो, मग हलन्त, मग त. उलट बाणाचं बटण मात्र अख्ख्या जोडाक्षरावरून उडी मारतं, मधे शिरूच देत नाही. म्हणजे पुढे जाताना यंत्र एक अक्षर मानतं आणि पुसताना सहा. फक्त मधला त चुकला असेल तर शेवटपासून सोलत यावं लागतं. लिहिताना किती वेळ जातो याचे अभ्यास झाले. मराठी लिहिणाऱ्याचा दुरुस्तीत किती वेळ जातो, तो चूक तशीच सोडून देतो का, आणि अवघड जोडाक्षर टाळून दुसराच शब्द घालतो का, हे कुणीतरी शेजारी बसून बघायला हवं.