कमरेला रिव्हॉल्वर, शेतात रानडुक्कर

अमेरिकेतला शिकारी रिव्हॉल्वरने रानडुक्कर लोळवतो, असा एक व्हिडिओ आपल्या ग्रुपांवर फिरतोय. एका तरुण शेतकऱ्याने तो मला पाठवून विचारलं, "भाऊ, आपल्या पुढाऱ्यांकडं पण रिव्हॉल्वर आहेत. त्यांनी नाही जमायचं?"

नाही जमायचं. कारण सांगतो.

तिकडे हातातल्या बंदुकीने मोठं जनावर मारायला .44 मॅग्नमसारखी काडतुसं वापरतात. आपल्याकडे परवान्यावर बहुतेकांकडे असतं ते .32 चं रिव्हॉल्वर. दोघांच्या गोळीच्या ताकदीत कित्येक पटींचा फरक आहे. शिवाय तिथले जाणकार शिकारी आधी गोळी बघतात. आत शिरताच फुलणारी पोकळ टोकाची गोळी हलक्या जनावराला चालते. जाड हाडाच्या जनावराला कडक, खोल शिरणारी लागते. नर डुकराच्या खांद्यावर तर कातडीखाली चिवट ढालच असते. तिथे .32 ची गोळी म्हणजे जनावर जखमी करून सोडायचं काम. आणि जखमी डुक्कर पहाटे पाणी द्यायला गेलेल्या बाईमाणसाच्या अंगावर येतं.

आता आपला कायदा बघा. शस्त्र कायदा 1959, कलम 13. पीक संरक्षणासाठी त्यात पहिलं नाव आहे ठासणीच्या बंदुकीचं! ती पुरेशी नसेल तर अधिकारी दुसऱ्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा परवाना देऊ शकतो, अशी सोय आहे. म्हणजे बारा बोअर. तिच्यातही पाखरांचे बारीक छर्रे डुकरावर वाया जातात. एलजी, एसजीचे जाड छर्रे लागतात, तेही तीस-चाळीस पावलांच्या आत. ही काडतुसं आपल्याच पुण्याच्या खडकीत बनतात.

दुसरीकडे वन्यजीव कायद्याच्या कलम 11 खाली पिकाची नासाडी करणाऱ्या डुकराला मारायची लेखी परवानगी मिळू शकते. पण परवानगीचा कागद ज्याच्या हातात, त्याच्याकडे बंदूक नाही. ज्याच्या कमरेला रिव्हॉल्वर, त्याचं शेत ठोक्याने दिलेलं. आणि निवडणूक लागली की बंदुका ठाण्यात जमा. 2024 ला विधानसभेचं मतदान 20 नोव्हेंबरला होतं. तेव्हा शेतात तूर उभी होती. डुकराला आचारसंहिता कोण सांगणार?

मग उरतं काय? कुंपणात सोडलेला चोरून घेतलेला करंट. विदर्भात अशा तारांनी वाघ मेले, माणसंही मेली. बातम्या आपण वाचल्यात, काही मीच लिहिल्यात. शेवटी गुन्हा दाखल होतो तो शेतकऱ्यावर.

केरळने 2022 मध्ये हा अधिकार स्थानिक संस्थांच्या प्रमुखांकडे दिला आणि परवानाधारक नेमबाजांची यादी करून त्यांच्याकडून काम घ्यायला सुरुवात केली. तिथेही अडचणी आहेतच. पण निदान कुणी, कशाने मारायचं हे ठरलेलं आहे.

माझी मागणी साधी आहे. तालुक्यात पीक संरक्षणाचे परवाने किती, त्यातले शेतात खरंच वापरात किती, हे तहसील आणि वन विभागाने जाहीर करावं. प्रशिक्षित नेमबाजांची यादी करावी. कोणतं काडतूस, किती अंतरावरून, हे परवानगीच्या कागदावरच लिहावं. जखमी जनावर शोधायची जबाबदारीही त्यातच नोंदवावी.

येत्या ग्रामसभेत हा विषय मांडा. ठरावाची प्रत मला पाठवा, पाठपुरावा मी करतो.