नदीचे म्हणजे कोणाचे?

ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या मत्स्याहार वर्ज्य आहे, त्या घरांत एक समजूत फार दृढमूल झालेली आढळते. ताटात मासा येत नाही, त्या अर्थी माशांच्या बाबतीत आपले हात स्वच्छ आहेत, अशी ती समजूत होय. मासळीबाजारावरून जाताना नाकाला रुमाल लावणारी मंडळी कोळणीच्या टोपलीकडे ज्या नजरेने पाहतात, तीत किळसेबरोबर थोडासा अभिमानही मिसळलेला असतो. परंतु अलीकडे याच घरांच्या दिवाणखान्यांत, देवादिकांच्या तसबिरींखाली, दिव्यांनी उजळलेली काचेची पेटी येऊन बसली आहे. तीत रंगीत मासे फिरतात, मुले टाळ्या पिटतात, आलेगेले कौतुक करतात. मात्र हे मासे आले कोठून, हा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो. कोळीण निदान पोटासाठी मासा धरते. आपण तो कशासाठी धरवितो, याचा विचार सुज्ञ कुटुंबांनी करावा, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. मासे पाळणे हेच मुळी पाप, असे आमचे म्हणणे नाही. शाळेत शिकवीत असता मुंबईची सहल निघाली की, मरीन ड्राइव्हवर १९५१ साली उघडलेले तारापोरवाला मत्स्यालय आम्ही मुलांना आवर्जून दाखवीत असू. रस्त्याने कानठळ्या बसविणारी पोरे त्या अंधाऱ्या दालनात शिरताच गप्प होत आणि काचेला नाक लावून उभी राहत. जिवंत प्राणी जवळून पाहिल्याने मनुष्याच्या ठायी कुतूहल आणि कुतूहलातून दया उपजते, हा आमचा अनुभव आहे. तेव्हा वाद पाळण्याचा नाही. मासा कोठून आणि कसा आला, याचा आहे. दुकानांतील गोड्या पाण्याचे बहुतेक मासे आज तळ्यांत व हौदांत पैदास केलेले असतात. सोनमासा तर चीन देशात शतकानुशतके माणसाळलेला आहे. परंतु काही जाती अद्यापि थेट नद्यांतून व ओढ्यांतून पकडून आणतात, आणि समुद्रातील शोभेच्या माशांपैकी बहुतेक जाती अशा रानच्याच असतात.

हा प्रश्न आजकालचाही नव्हे. इंग्लंडात फिलिप गॉस नामक निसर्गशास्त्रज्ञाने १८५४ साली काचपात्रावर एक ग्रंथ लिहिला आणि 'ॲक्वेरियम' हा शब्द लोकांच्या तोंडी बसविला. गृहस्थ अत्यंत धर्मशील. सृष्टीतील चमत्कार पाहून लोकांची ईश्वरावरील भक्ती वाढावी, एवढाच त्याचा हेतू. झाले ते निराळेच. ग्रंथ वाचून हौशी लोकांच्या झुंडी डेव्हनच्या किनाऱ्यावर लोटल्या आणि खडकांमधील ज्या निवळशंख डबक्यांचे त्याने वर्णन केले होते, ती त्यांनी ओरबाडून रिकामी केली. पुढे त्याचा पुत्र एडमंड गॉस याने १९०७ साली प्रसिद्ध केलेल्या 'फादर अँड सन' या पुस्तकात ही कहाणी नमूद केली आहे. आपल्याच ग्रंथाच्या लोकप्रियतेतून हा अनर्थ ओढवला, याचा त्या वृद्धास फार मनस्ताप झाला, असे तो सांगतो. प्रेम करणाऱ्यांच्या हातूनच प्रेमविषयाचा नाश व्हावा, याहून मोठा बोध कोणता?

आमच्या घरी हा प्रश्न गेल्या वर्षी आला. आमचे बिऱ्हाड सांगलीस, कुटुंब एकत्र, माणसे चौदा. धाकट्या नातवाने हट्ट धरला म्हणून पुतण्याने काचेची पेटी आणली आणि तीत सोडावयास पिवळ्या अंगावर काळे पट्टे असलेले, बोटाएवढे सहा मासे आणले. दुकानात त्यास 'झेब्रा लोच' म्हणतात. पुतण्याने दुकानदाराचे शब्द मोठ्या अभिमानाने सांगितले, "काका, हे पैदाशीचे नाहीत बरं का. अस्सल नदीचे आहेत!" तेव्हा नातू आमच्याकडे वळून सहज म्हणाला, "आजोबा, नदीचे म्हणजे कोणाचे?" पाणिनीची सूत्रे आम्हांस मुखोद्गत आहेत; परंतु या षष्ठी विभक्तीचा अर्थ त्या पोरास चटकन सांगता येईना.

आम्ही चौकशी केली. या माशाचे शास्त्रीय नाव 'बोटिया स्ट्रायाटा'. म्हैसूर संस्थानातील तुंगा नदीतून सापडलेल्या नमुन्यांवरून १९२० साली त्याचे प्रथम वर्णन झाले. सह्याद्रीतून निघणाऱ्या कृष्णेच्या परिवारातील नद्यांत, खडेगोट्यांच्या तळाशी, तो जमावाने राहतो. कोल्हापूरकडील पंचगंगेतही तो आढळलेला आहे. म्हणजे हा परदेशीचा कोणी चित्रविचित्र प्राणी नव्हे, आमच्या कृष्णामाईचाच लेकुरवाळा संसार! आणि हा संसार आज धोक्यात आहे. निसर्गसंरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय संघाने त्याची गणना संकटग्रस्त जातींत केली आहे. २००५ ते २०१२ या काळात भारतातून परदेशी धाडलेल्या शोभेच्या माशांचा हिशेब संशोधकांनी २०१३ साली मांडला, तेव्हा धोक्यात आलेल्या ३० जातींचे किमान १५ लक्ष मासे बाहेर गेल्याचे दिसले, आणि त्यांत मोठा वाटा असणाऱ्या जातींत हा आमचा पट्टेवाला होता.

घरात वाद माजला. आमचे धाकटे बंधू वकिली करतात. त्यांनी माशांच्या मालकांचे वकीलपत्र घेतले. ते म्हणाले, "दादा, नदीत मोठा मासा लहान माशास गिळतो. मात्स्यन्याय हा शब्द आपल्याच शास्त्रकारांचा ना? इथे त्याला भय नाही, भूक नाही. उलट आपण त्याचं रक्षणच करतो."

युक्तिवाद ऐकण्यास गोड होता. त्यावर आम्ही त्यांस शतपथ ब्राह्मणातील मनूची कथा सांगितली. मनूच्या ओंजळीत आलेला लहानसा मासा हेच बोलतो. लहानपणी आम्हांस फार भय, मासाच माशास खातो, तू मला सांभाळ, अशी तो विनवणी करतो. परंतु पुढचे मागणे वकीलसाहेब विसरले. प्रथम मला घटात ठेव, मोठा झालो की खड्डा खणून त्यात ठेव, आणि शेवटी समुद्रात नेऊन सोड, असे तो मासा सांगतो. तेथे घट हा वाटेवरचा मुक्काम आहे, बंदिवास नव्हे. शिवाय तो मासा आपण होऊन आश्रयास आला. आमचे सहा जण जाळ्यात सापडून आले. शरणागतास आश्रय देणे निराळे आणि धरून आणलेल्यास आश्रित म्हणणे निराळे.

बंधूंचा दुसरा मुद्दा अधिक भक्कम होता. "पकडले ते दुसऱ्याने. आपण पैसे मोजून घेतले. यात आपला दोष कोणता?" मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात वधाचे भागीदार मोजताना मारणाऱ्याबरोबर संमती देणारा, विकणारा आणि विकत घेणारा यांसही घातक म्हटले आहे. योगसूत्रांत हिंसा स्वतः केलेली, करविलेली व अनुमोदिलेली अशी तीन प्रकारची सांगितली आहे. तेथील प्रसंग मांसाचा व वधाचा आहे, आणि पाळणे म्हणजे वध नव्हे, हे आम्हांस मान्य आहे. परंतु तत्त्व तेच. दुकानदार 'अस्सल' या एका शब्दासाठी अधिक दाम घेतो आणि आपण तो आनंदाने देतो, तेव्हा पुढील जाळे आपणच टाकलेले असते.

हे जाळे काय करते, याचे जवळचे उदाहरण केरळातले आहे. तेथील व दक्षिण कर्नाटकातील डोंगरी नद्यांत एक देखणा मासा असतो. अंगावर तांबडी रेघ, तिच्याखाली काळी, शेपटीवर पिवळे-काळे ठिपके. फ्रान्सिस डे याने १८६५ साली त्याचे वर्णन केले आणि मद्रासचा गव्हर्नर सर विल्यम डेनिसन याचे नाव त्यास दिले. पुढे व्यापाऱ्यांनी त्यास 'मिस केरळ' केले. परदेशात मागणी वाढली, टोळ्याच्या टोळ्या जाळ्यात ओढल्या जाऊ लागल्या, आणि हा मासाही संकटग्रस्तांच्या यादीत गेला. केरळ सरकारने २००८ साली निर्बंध घातले, काही महिने धरपकड बंद ठेविली. परंतु माशाचा विणीचा हंगाम त्या महिन्यांशी जुळत नव्हता, असे संशोधकांस आढळले. आमचे कोळी बांधव पावसाळ्यात नावा ओढून ठेवतात आणि नारळी पौर्णिमेस सागराची पूजा करून मग पुन्हा समुद्रात जातात. भुकेला विणीच्या हंगामाची मर्यादा कळते; हौसेला ती अद्याप कळावयाची आहे. २०१३ साली शास्त्रज्ञांनी या माशाच्या कुळास 'सह्याद्रिया' हे नाव दिले. पर्वताचे नाव ज्याने धारण केले, त्याने त्या पर्वतातच दुर्मिळ व्हावे, हा दैवदुर्विलास होय.

समुद्रातील प्रकार तर याहून भयंकर. फिलिपाइन्स बेटांत १९६० नंतरच्या दशकात मासे जिवंत पकडण्यासाठी प्रवाळांत सायनाइड विष फवारण्याची रीत सुरू झाली. त्याने मासा गुंगतो, हाती लागतो. आणि ज्या प्रवाळात त्याचे घर, ते प्रवाळ मरते.

तथापि एकच बाजू मांडून निर्णय देणे हे शिक्षकास शोभत नाही. ब्राझील देशात रिओ नीग्रो नदीकाठी बार्सेलोस नावाचे गाव आहे. तेथील गरीब कुटुंबे कार्डिनल टेट्रा नावाचा तांबडा-निळा चिमुकला मासा पकडून विकतात. पुराचे पाणी ओसरले की हे मासे आटत्या डबक्यांत अडकून असंख्य मरतात. त्यांतील काही माणसाने उचलले, तर नदीची हानी होत नाही. शिवाय या मिळकतीमुळे त्या लोकांस जंगल तोडण्याची वा खाणींत जाण्याची गरज पडत नाही. १९८९ साली तेथे सुरू झालेल्या 'प्रोजेक्ट पियाबा' या उपक्रमाने हीच गोष्ट जगापुढे मांडली आणि मासा घ्या, झाड वाचवा, असा प्रचार केला. अशा नदीचा मासा नाकारून कारखान्यात पैदास झालेला घेणारा मनुष्य अधिक पुण्यवान ठरतो, असे आम्ही म्हणणार नाही. तात्पर्य, 'रानचा तेवढा वाईट' हा नियम सोपा खरा, पण न्याय्य नव्हे. कोणत्या नदीचा, किती संख्येने, कोणत्या काळी, कोणाच्या पोटासाठी, हे पाहिल्यावाचून धर्माधर्माचा निर्णय होत नाही.

राहता राहिला आमच्या सहा जणांचा प्रश्न. आमच्या वडील भगिनी आक्का यांनी सर्वांत सरळ तोडगा सुचविला. "अरे, माईच्या लेकरांना माईच्या ओटीत घाल. घाटावर जाऊन सोडून ये, म्हणजे सुटलास." भावना उदात्त, परंतु आम्ही त्यांस नम्रपणे नकार दिला. हे मासे कोणत्या ओढ्यातून धरले, वाटेत किती हौदांत व कोणत्या देशीच्या माशांसह राहिले, त्यांस कोणता रोग जडला आहे, हे आपणास ठाऊक नाही. एखादा रोग नदीत शिरला, तर सहा जणांच्या सुटकेपायी सहस्रांचा घात व्हावयाचा. डोंगरी खडकाळ प्रवाहात राहणाऱ्यास सांगलीच्या घाटाखालचा गाळ मानवेल, असेही नाही. परदेशी जातींची गोष्ट तर विचारूच नये. दक्षिण अमेरिकेतील तोंडाने काच चाटणारा मासा हौशी लोकांनी कंटाळून तळ्यांत सोडला. तो आज केरळ, तामिळनाडू, बंगाल इत्यादी प्रांतांच्या पाण्यांत ठाण मांडून बसला असून मच्छीमारांची जाळी फाडतो. मुक्तिदान हे दान खरे, पण ते सत्पात्री व सुस्थळी करावे लागते.

म्हणून घरात असे ठरले की, हे सहा जण आता मरेपर्यंत आमचे पोष्य. त्यांस एकाकी ठेवावयाचे नाही, कारण ते जमावाने राहणारे. पेटी मोठी घ्यावयाची, तळाशी गुळगुळीत गोटे व लपावयास कपारी करावयाच्या, पाणी नियमाने बदलावयाचे. त्याचा खर्च पुतण्याने सोसावयाचा आणि श्रम नातवाने. नदीतून धरलेला आणखी एकही मासा, त्याची पूर्ण हकीकत कळल्यावाचून, या घरात यावयाचा नाही. बंधूंनी थोडी कुरकूर केली, परंतु ठरावावर मत नोंदविले ते अनुकूल.

आमच्या प्रांतास याहून मोठा मार्ग पूर्वीच ठाऊक होता. महाडनजीक वाळण कोंडीत देवीचे मासे म्हणून पाण्यातील माशांस कोणी हात लावीत नाही. आंबोलीस हिरण्यकेशीच्या उगमी महादेवाच्या देवळापाशी एक चिमुकला मासा सापडला, २०२० साली त्यास त्या नदीचेच नाव मिळाले आणि २०२१ साली महाराष्ट्र सरकारने ते स्थान जैविक वारसा म्हणून घोषित केले. तेथे काचेची भिंत नाही. देवाची आण हीच भिंत. ज्यांस मासे पाहण्याची हौस आहे, त्यांनी मुलांना घेऊन एकदा अशा काठी जाऊन बसावे.

आणि घरी पेटी ठेवावयाचीच असेल, तर विकत घेण्यापूर्वी दुकानदारास तीनच प्रश्न विचारावेत. हा पैदाशीचा की धरलेला? धरलेला, तर कोणत्या पाण्यातून? आणि तो किती मोठा होतो व किती वर्षे जगतो? पहिल्या दोहोंचे उत्तर त्यास देता आले नाही, तर रिकाम्या हाताने परत यावे. तिसऱ्याचे उत्तर आपणास झेपणारे नसेल, तरीही परत यावे. भाजी घेताना आपण देठ मोडून पाहतो, धान्य घेताना मूठ नाकाशी नेतो. मग जिवंत जीव घरी आणताना एवढी चौकशी करणे, हे गृहस्थाश्रमाचे साधे कर्तव्यच नव्हे काय?